चष्म्याचा नंबर घालवायला परदेशी जाऊ का?

प्रश्न: डॉक्टर, माझं वय २९. आठव्या वर्षापासून चष्मा आहे. आता दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे ७ आणि सिलिंडर १. गेलं दीड वर्ष तो बदललेला नाही. ऑफिसात कॉन्टॅक्ट लेन्स घालते, पण संध्याकाळपर्यंत डोळे कोरडे पडतात, खाजतात, मग मी चोळत बसते. लेसरसाठी एका रुग्णालयात तपासणी केली. ‘कॉर्निया ५०५ मायक्रॉन आहे, लॅसिक करू नका’ असं सांगून त्यांनी डोळ्याच्या आत बसवायच्या लेन्सचा पर्याय दिला. तो खर्च मला झेपणारा नाही. मग परदेशातल्या एका क्लिनिकला माझा चष्म्याचा नंबर पाठवला. त्याच दिवशी उत्तर आलं, ‘होऊन जाईल.’ निम्म्याहून कमी खर्चात पाच दिवसांचं पॅकेज आहे: दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी, दुपारी लेसर, तिसऱ्या दिवशी डॉक्टर बघणार, चौथा दिवस फिरायला आणि पाचव्या दिवशी परतीचं विमान. महिनाअखेरीपर्यंत पैसे भरले तर सवलत, शिवाय ‘आजीवन हमी’. माझी एक मैत्रीण तिथूनच करून आली, ती खूश आहे. एक डॉक्टर नाही म्हणतात, दुसरे हो म्हणतात. खरं कोणाचं? जाऊ का? आणि तिथे नको, तर मग कोणत्या देशात जाऊ?

उत्तर:

प्रिय मैत्रीण,

महिनाअखेरची ती सवलत जाऊ द्या, पैसे भरू नका. घाईने सांगण्यासारखं एवढंच होतं, बाकीचं सावकाश बोलू.

मी डोळ्यांची डॉक्टर आहे, पण लेसर करत नाही. लेसर करून आलेले डोळे मात्र माझ्याकडे येतात, आणि त्यातली बरीचशी माणसं मनापासून समाधानी असतात. त्यामुळे लेसरला माझा विरोध नाही. परदेशात जाऊन करण्यालाही सरसकट विरोध नाही. तुम्ही जे पॅकेज सांगितलंत त्याला मात्र आहे.

खरं कोणाचं, ते तुमच्याच आकड्यांवरून पाहू. डोळ्याच्या समोरचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. त्याची मध्यभागी जाडी सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास असते (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). तुमची ५०५, म्हणजे थोडी कमी. लॅसिकमध्ये आधी वरचा पातळ पापुद्रा, ज्याला फ्लॅप म्हणतात, तो उचलतात. तो साधारण ११० मायक्रॉनचा धरू. मग खालच्या भागावर लेसर चालवून तो घासतात. साडेसहा मिलीमीटर व्यासाच्या भागावर काम करायचं, तर एका नंबरामागे साधारण १४ मायक्रॉन जाडी जाते. तुमचे ७ आणि सिलिंडरचा, म्हणजे कॉर्नियाच्या असमान गोलाईमुळे येणाऱ्या नंबराचा, १ मिळून ८ नंबर, म्हणजे ११२ मायक्रॉन. आता ५०५ मधून ११० आणि ११२ वजा करा. खाली उरतात २८३.

खाली किमान २५० तरी उरायला हवेत, हा जुना नियम. आज बरेच सर्जन ३०० उरल्याशिवाय हात लावत नाहीत. दुसरा हिशेब टक्क्यांचा. फ्लॅप आणि लेसर मिळून एकूण जाडीचा किती भाग हलवला? तुमच्या बाबतीत २२२ भागिले ५०५, म्हणजे ४४ टक्के. ४० टक्क्यांच्या पुढे गेलं की कॉर्निया पुढे कमकुवत होऊन फुगण्याचा धोका वाढतो असं मानतात. या फुगण्याला एक्टेशिया म्हणतात. तो महिन्यांनी किंवा काही वर्षांनीही उद्भवू शकतो आणि मग चष्म्यानेही नीट दिसत नाही.

म्हणजे ज्या डॉक्टरांनी तुम्हाला ‘नाही’ सांगितलं, त्यांनी हा हिशेब केला होता. परदेशातल्या क्लिनिककडे तुमच्या कॉर्नियाचा एकही आकडा नव्हता. तुम्ही फक्त चष्म्याचा नंबर पाठवला होता. त्यामुळे हे दोन डॉक्टरांचं वेगवेगळं मत आहे असं समजू नका. मत एकच आहे. दुसरं उत्तर विक्री विभागाचं आहे.

हा हिशेब जमवायची एक वाट असते, ती तुम्हाला माहीत असावी. साडेसहाऐवजी सहाच मिलीमीटरवर लेसर चालवला तर एका नंबरामागे सुमारे १२ मायक्रॉन जातात. मग ९६ मध्ये काम होतं आणि खाली २९९ उरतात. कागदावर छान दिसतं. पण अंधारात बाहुली मोठी होते. ती लेसर केलेल्या भागाच्या बाहेर गेली की समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती वलयं दिसतात, उजेड पसरतो. मोठ्या नंबरात हा त्रास जास्त. म्हणून कोणी ‘बसतंय’ म्हणालं, तर किती व्यासाचा भाग धरलाय आणि अंधारात माझी बाहुली किती मोठी होते, हे दोन्ही विचारा.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य, जे तुम्ही सहज लिहून गेलात. डोळे खाजतात, मग मी चोळत बसते. मला जाडीच्या आकड्यापेक्षा याची काळजी जास्त वाटते. केराटोकोनस नावाचा आजार असतो. त्यात कॉर्निया हळूहळू पातळ होत पुढे निमुळता येतो, आणि डोळे चोळण्याशी त्याचा जवळचा संबंध आहे. सुरुवातीला तो कळतही नाही, सिलिंडरचा थोडा नंबर एवढंच दिसतं. तुम्हाला तो आहे असं मी म्हणत नाही, पत्रावरून कोणालाच ते सांगता येणार नाही. पण पातळ कॉर्निया, सिलिंडर आणि चोळायची सवय या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की कॉर्नियाचा नकाशा फार बारकाईने बघावा लागतो. या तपासणीला टोपोग्राफी किंवा टोमोग्राफी म्हणतात. पेंटाकॅमसारख्या यंत्रावर कॉर्नियाची पुढची आणि मागची, दोन्ही बाजूंची उंची मोजली जाते. आजाराची सुरुवात बहुधा मागच्या बाजूला आधी दिसते, म्हणून नुसती जाडी मोजून भागत नाही. नकाशा संशयास्पद निघाला तर जगात कुठेही लेसर करू नका, कितीही नावाजलेला डॉक्टर असला तरी. तशा डोळ्यावर लेसर चालवला तर एरवी संथपणे वाढला असता तो आजार झपाट्याने वाढू शकतो. क्रॉसलिंकिंग नावाचा उपचार आहे, रिबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरणांचा. तो हा आजार बहुतेकदा थांबवतो, पण गेलेला आकार परत आणून देत नाही.

चोळणं मात्र आजपासून बंद करा. खाज ॲलर्जीची असेल तर तिच्यावर चांगले थेंब मिळतात, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आणखी एक शंका. पहिल्या तपासणीआधी तुम्ही लेन्स घालणं किती दिवस बंद केलं होतं? लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि मोजमापं चुकतात. मऊ लेन्स निदान दोन आठवडे बंद हव्यात, कडक लेन्स असतील तर महिनाभर किंवा जास्त. आदल्या दिवशीपर्यंत लेन्स घालून गेला असाल तर ती तपासणी पुन्हा करा. ५०५ हा आकडाही थोडा इकडेतिकडे होऊ शकेल. पॅकेजवाल्यांनी तुम्हाला हे विचारलंही नसेल, असा माझा अंदाज आहे.

कोरडेपणाचंही तसंच. फ्लॅप कापताना कॉर्नियातल्या बारीक नसा तुटतात, त्यामुळे अश्रू यायचा इशारा काही महिने मंदावतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लॅसिकच्या रुग्णांवर प्रॉव्ल नावाचे अभ्यास केले. त्यात आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी तो जाणवत होता. आधी दिसण्याची काहीच तक्रार नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना वलयं किंवा तसलं काहीतरी नव्याने दिसू लागलं होतं. त्याच अभ्यासात ९५ टक्क्यांहून अधिक लोक आपल्या दृष्टीवर समाधानी होते, आणि या त्रासामुळे रोजची कामं करणं फार अवघड झालं असे १ टक्क्याहून कमी. दोन्ही बाजू तुमच्यापुढे ठेवते आहे. पण तुमचे डोळे आधीच कोरडे आहेत. कोणतंही लेसर करायच्या आधी त्यांवर काही महिने उपचार घ्यायला हवेत.

फ्लॅप न उचलता वरूनच लेसर करण्याची पद्धत आहे, पीआरके. सर्वांत वरचा नाजूक थर सुमारे ५० मायक्रॉनचा असतो, तो काढतात आणि तो पुन्हा उगवतो. तुमच्या जाडीत हा हिशेब चांगला बसतो, खाली ३४० च्या पुढे उरतात. मात्र उणे ७ सारख्या नंबरात नंतर कॉर्नियावर पांढुरका धूसरपणा येण्याची शक्यता असते, म्हणून शस्त्रक्रियेतच मायटोमायसिन नावाचं औषध लावतात. तीन-चार दिवस चांगलंच दुखतं, नजर स्थिरावायला आठवडे लागतात आणि स्टेरॉइडचे थेंब बऱ्याचदा दोन-तीन महिने चालतात. या थेंबांनी काहींच्या डोळ्यांचा दाब वाढतो. दुखत नाही, कळत नाही, म्हणून तो मोजत राहावा लागतो. स्माइल नावाची लेसरची तिसरी पद्धत आहे, तिच्यात छोट्या छेदातून कॉर्नियाच्या आतली चकती काढतात, त्यामुळे कोरडेपणा सहसा कमी होतो. पण ‘फ्लॅप नाही, म्हणून पातळ कॉर्नियालाही चालतं’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जाडी त्यातही जवळपास तेवढीच जाते. आणि डोळ्यात बसवायची लेन्स, जी तुम्हाला सुचवली होती, ती तुमच्यासारख्या डोळ्याला खरोखर बसणारी गोष्ट आहे. कॉर्निया कमी होत नाही आणि वेळ पडली तर लेन्स काढता येते. त्यासाठी डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात पुरेशी खोली लागते, आणि पुढे दरवर्षी डोळ्याचा दाब, कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशींची संख्या आणि मोतीबिंदूची तपासणी करावी लागते.

आता ते पाच दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी आणि दुपारी लेसर, हे मला पटत नाही. नीट तपासणीत थेंब घालून बाहुली मोठी करतात, खरा नंबर मोजतात आणि डोळ्याच्या मागचा पडदा, म्हणजे रेटिना, पाहतात. उणे ७ नंबर असलेल्या डोळ्यात पडद्याच्या कडेला पातळ जागा किंवा छिद्रं असू शकतात, ती आधी शोधायला हवीत. या थेंबांचा अंमल दुपारपर्यंत उतरतोच असं नाही. दुसरी गोष्ट माणसांच्या स्वभावाची आहे. सुट्टी काढून, विमानाने येऊन, पैसे भरून समोर बसलेल्या माणसाला ‘तुमचं करता येणार नाही’ म्हणणं चांगल्या डॉक्टरलाही जड जातं. आणि ते ऐकून घेणं तुम्हालाही जड जाईल. त्या क्लिनिकला एकच प्रश्न लिहून पाठवा: तपासणीनंतर नाही म्हणायची वेळ आली तर किती पैसे परत मिळतील? उत्तरावरून पुष्कळ कळेल.

लॅसिकनंतरचे पहिले तीन दिवस सर्वांत महत्त्वाचे. फ्लॅप सरकू शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो. फ्लॅपच्या खाली एक प्रकारची सूज येते, तिला डॉक्टर लोक सहारातली वाळू म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर फ्लॅप आणि खालचा भाग यांच्यामध्ये बारीक पांढरे कण वाऱ्याने पसरल्यासारखे दिसतात. पहिल्या एक ते तीन दिवसांत हे सुरू होतं. रुग्णाला सुरुवातीला दुखत नाही, डोळा लालही फारसा होत नाही, फार तर जरा धुरकट वाटतं. वेळेत दिसलं तर तासातासाला स्टेरॉइडचे थेंब घालून आटोक्यात येतं. वाढलं तर फ्लॅप उचलून धुवावा लागतो, आणि तो थांबून राहण्याचा विषय नसतो. तुमच्या पॅकेजमध्ये तिसऱ्या दिवशी एकदा बघणार आणि चौथ्या दिवशी फिरायला पाठवणार. नेमक्या ज्या दिवसांत ही सूज वाढू शकते, त्या दिवसांत तुम्ही बसमध्ये आणि मग विमानात असाल.

विमानाचं भय मात्र धरू नका. हवेच्या दाबाने फ्लॅप उडतो असं लोक सांगतात, तसं होत नाही. केबिनमधली हवा कोरडी असते, त्यासाठी थेंब जवळ ठेवले की झालं. अडचण उडण्याची नाही, डॉक्टरपासून दूर जाण्याची आहे. पीआरके करायचं ठरलं तर पाच दिवस मुळीच पुरणार नाहीत. डोळ्यावर ठेवलेली संरक्षक लेन्सच कित्येकदा पाच-सात दिवसांनी निघते.

त्यानंतर आठवड्याने, महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने तपासण्या असतात. त्या कोण करणार? दुसऱ्याने केलेल्या शस्त्रक्रियेची जबाबदारी घ्यायला पुष्कळ डॉक्टर तयार नसतात, आणि त्यांचंही चूक नाही. हातात कागद नसतात, कोणतं यंत्र वापरलं, फ्लॅप किती जाड होता, काही माहीत नसतं. निघायच्या आधीच इथल्या एखाद्या डॉक्टरांनी ‘मी बघेन’ असं स्पष्ट सांगितलेलं असायला हवं. ते मिळत नसेल तर जाऊच नका, हे मी अगदी ठामपणे सांगते.

‘आजीवन हमी’ म्हणजे बहुधा नंबर परत आला तर पुन्हा लेसर फुकट. विमानाचं भाडं आणि मुक्काम तुमचाच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पुन्हा लेसर करायला कॉर्निया उरलेला हवा. तुमच्या २८३ मध्ये दुसऱ्यांदा हात घालायला जागाच नाही. ही हमी तुमच्या उपयोगाची नाही.

मैत्रीण खूश आहे, याचा मला आनंद आहे. तिचा नंबर किती होता आणि कॉर्निया किती जाड होता, ते तिला विचारा. उणे ३ आणि ५५० असेल तर तिचा अनुभव तिच्यापुरता अगदी खरा आहे.

आता कोणता देश. या शस्त्रक्रियेची घडणच अनेक देशांत झाली. कॉर्नियाला नवा आकार देऊन नंबर घालवण्याची मूळ कल्पना होसे बाराकेर यांनी कोलंबियातल्या बोगोटामध्ये विकसित केली. लॅसिक ग्रीसमधल्या क्रीट बेटावर पल्लिकारिस यांच्या हातून आकाराला आलं. स्माइल जर्मनीत सेकुंडो आणि ब्लुम यांनी पुढे आणलं. लेसरची यंत्रं सगळीकडे त्याच मोजक्या कंपन्यांची असतात. इस्तंबूल, सोल, बँकॉक, कुठेही उत्तम सर्जन सापडतील आणि तिथेच घाईची दुकानंही सापडतील. म्हणून देशांची यादी मी देणार नाही. त्याऐवजी एका डॉक्टरचं नाव घेऊन या. तपासणी आणि शस्त्रक्रिया तोच माणूस करणार आहे का, तो कॉर्नियाचा तज्ज्ञ आहे का, तिथल्या वैद्यकीय परिषदेच्या नोंदीत त्याचं नाव आहे का, तो किती जणांना परत पाठवतो, आणि रात्री दोन वाजता डोळा दुखला तर फोन कोण उचलतं, हे विचारा. संमतिपत्र तुम्हाला कळणाऱ्या भाषेत, काही दिवस आधी हातात यायला हवं. प्रवासविमा काढाल तर त्यातली बारीक अक्षरं वाचा. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेतून उद्भवलेला खर्च बहुतेक पॉलिसींत धरत नाहीत.

परदेशात करणं शहाणपणाचं ठरतं ते अशा वेळी: तिथे सख्खं कोणी राहतं आणि तुम्ही महिनाभर राहू शकता, किंवा कामासाठी वर्षभर तिथेच आहात, किंवा तुम्हाला हवी ती पद्धत जवळपास कुठेच होत नाही. मग आधी एकदा फक्त तपासणीला जायचं, निर्णय घरी येऊन घ्यायचा.

कुठेही केलंत तरी कागद सांभाळा. शस्त्रक्रियेआधीचा नकाशा, जाडी, नंबर, कॉर्नियाची वक्रता, आणि नंतर किती मायक्रॉन काढले त्याचा छापील अहवाल. साठीत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करायची वेळ येईल, तेव्हा आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना हेच आकडे लागतात. लेसर झालेल्या डोळ्यात दाबही खऱ्यापेक्षा कमी मोजला जातो, त्यामुळे काचबिंदू लक्षात यायला उशीर होऊ शकतो. पुढच्या प्रत्येक डॉक्टरला लेसर झाल्याचं सांगायचं. आणि लेसरने चष्मा गेला तरी डोळा आतून उणे ७ चाच राहतो. पडदा सुटण्याचा धोका तेवढाच. अचानक वीज चमकल्यासारखं दिसलं किंवा काळे ठिपके वाढले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

मूल होऊ द्यायचा विचार जवळ असेल तर तेही गणितात धरा. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना नंबर हलतो, डोळे जास्त कोरडे होतात, तेव्हा लेसर करत नाहीत.

खर्चाची अडचण मला समजते. पण थांबल्याने तुमच्या डोळ्याचं काही बिघडत नाही. नंबर स्थिर आहे. एक-दोन वर्षांत डोळ्यात बसवायच्या लेन्सचे पैसे साठले तर तोच पर्याय तेव्हाही असेल, आणि तोवर कोरडेपणावर उपचार झालेले असतील.

या आठवड्यात एवढं करा. पहिल्या रुग्णालयाकडून टोपोग्राफीची छापील प्रत मागून घ्या, ती तुमची आहे. कॉन्टॅक्ट लेन्स डबीत ठेवा आणि दोन आठवड्यांनी (लेन्स कडक असतील तर महिन्याने) कॉर्नियाच्या दुसऱ्या एखाद्या तज्ज्ञाकडून तीच तपासणी पुन्हा करून घ्या, सोबत अश्रूंची चाचणीही. तुम्हाला पीआरके चालेल का, हा प्रश्न त्यांना थेट विचारा. दोन्ही नकाशे आणि गेल्या तीन वर्षांतले चष्म्याचे कागद हाती आले की मला पुन्हा लिहा. डोळे चोळायची सवय सुटली का, तेही कळवा.